सेवा करणाऱ्याचाही ऋतू असतो

वाचकहो, आपल्या घरी अंथरुणाला खिळलेले कोणी वडीलधारे माणूस असेल आणि त्यांच्या शुश्रूषेसाठी एखाद्या संस्थेची सेविका घरी येत असेल, तर बिलासोबत येणारा एक घडी घातलेला कागद आपल्याही परिचयाचा असेल. आमच्याकडे तो दर पंधरवड्याला येतो. त्याच्या एका बाजूला कर्मचारीवृत्त असते : कोण रजेवर आहे, कोणाची पाळी बदलली, कोणाचे प्रशिक्षण पूर्ण झाले. दुसऱ्या बाजूला ऋतुमानाप्रमाणे आरोग्याच्या सूचना असतात. उन्हाळ्यात पाण्याच्या, पावसाळ्यात डासांच्या, हिवाळ्यात खोकल्याच्या. चार वर्षे मी तो कागद न वाचता औषधांच्या डब्याखाली सरकवत आलो. ज्या वर्षी तो नीट वाचायला शिकलो, त्या वर्षाची ही हकीकत आहे. ती सांगताना स्वतःची थोडी शरमही सांगावी लागणार आहे. पण आपल्यापैकी अनेकांच्या घरात असाच कागद असाच पडून असेल, या विचाराने ती सांगतो.

मी नाचणगावचा. पुलगावच्या एका शाळेत ३१ वर्षे शिकवून निवृत्त झालो. पुलगाव आणि नाचणगाव ही नावे दोन असली तरी घरे आता जवळजवळ एकमेकांना भिडली आहेत, त्यामुळे नोकरीचे गाव आणि राहते गाव असा भेद मला कधी जाणवला नाही. आई ८८ वर्षांची आहे. सहा वर्षांपूर्वी तिला अर्धांगवायूचा झटका आला आणि डावी बाजू गेली. बोलणे शाबूत राहिले. तेही आमच्या वऱ्हाडी वळणाचे, ठसठशीत. पहिली दोन वर्षे मी आणि पत्नी यांनीच सारे केले. मग पत्नीचे गुडघे बोलू लागले आणि आम्ही वर्ध्याच्या एका संस्थेकडून सेविका घेतली. शेजारच्या खेड्यातून त्या येतात. मी त्यांना ताई म्हणतो, त्या मला गुरुजी म्हणतात आणि आईला आजी. सकाळी आठ ते रात्री आठ अशी त्यांची पाळी. त्यांच्या येण्याजाण्याची नोंद मी एका वहीत ठेवतो. शिक्षकाचा हात, हजेरीपट सुटला तरी हजेरी घेण्याची सवय सुटत नाही.

विदर्भातील उन्हाळा ज्यांनी भोगला आहे, त्यांना नवतपा म्हणजे काय हे सांगायला नको. मे महिन्याच्या २५ तारखेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो आणि पुढचे नऊ दिवस जमीन तव्यासारखी होते. पारा ४५ अंशांच्या वर चढला तरी आमच्याकडे कोणी आश्चर्य करीत नाही. त्या वर्षी नवतप्याला आठवडा असतानाच आईचे बोलणे बदलले. ती मला माझ्या दिवंगत मामाच्या नावाने हाक मारू लागली. दुपारची सकाळ समजू लागली. मी मनाशी म्हटले, वय झाले. आता असेच होत जाणार. पत्नीनेही डोळे पुसले. आम्ही दोघांनी जणू एका मोठ्या अंताची सुरुवात मान्य करून टाकली.

ताईंनी ती मान्य केली नाही. दुपारी आईचे कपडे बदलताना त्यांनी तिच्या काखेत हात घातला, जीभ बाहेर काढायला लावली आणि लघवीच्या भांड्याकडे पाहिले. मग स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन म्हणाल्या, "गुरुजी, आजीची काख कोरडी हाये. जीभ लाकडासारखी झाली. लघवी हळदीसारखी, अन् तीबी सकाळपासून एकदाच. हे म्हातारपण नाही, पाणी कमी पडलं." डॉक्टरांनी तपासले, रक्ताची चाचणी झाली, सलाइन लागले. शरीरातील पाण्याचे आणि क्षारांचे गणित बिघडले होते. तिसऱ्या दिवशी आईने मला माझ्याच नावाने हाक मारली आणि विचारले, "काहून रे, असा काहून पाहून राहिला?"

त्यानंतर मी तिला विचारले की पाणी का पीत नव्हतीस. ती आधी म्हणाली, "मले तहान नाही लागत." मग थोड्या वेळाने, छताकडे पाहत म्हणाली, "प्यालं की भांडं मागा लागते. किती वेळा उठवाचं त्या पोरीले?" वाचकहो, या दोन उत्तरांत वृद्धापकाळातील निर्जलीकरणाची दोन्ही कारणे आली आहेत. पहिले शरीराचे. वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते, घाम येण्याची क्षमता कमी होते, मूत्रपिंडाची पाणी राखून ठेवण्याची ताकद घटते. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी असेल तर पाणी आणखी लवकर उतरते. दुसरे कारण मनाचे. परावलंबी माणूस आपल्या गरजा कमी करून इतरांचा भार हलका करू पाहतो, आणि सर्वांत सोपी कमी करण्याजोगी गोष्ट म्हणजे पाणी. आणि तिसरे कारण मी होतो. रात्रीचे डायपर वाचावे म्हणून संध्याकाळी सहानंतर आईला पाणी कमी द्या, असे मीच सांगून ठेवले होते. त्याला मी व्यवस्था म्हणत होतो.

ताईंना हे कसे कळले, असे विचारल्यावर त्यांनी औषधांच्या डब्याखालचा कागद ओढून काढला. त्या पंधरवड्याच्या पत्रकात तेच लिहिले होते : वृद्ध व्यक्ती एकाएकी गोंधळल्यासारखी बोलू लागली तर ते वयामुळे आहे असे गृहीत धरू नये; जीभ, काख आणि लघवीचा रंग पाहावा. संस्थेच्या मासिक बैठकीत ते त्यांना समजावून सांगितले होते आणि त्यांनी ते लक्षात ठेवले होते. मी वाचले असते, तर मलाही आठवडाभर आधी कळले असते.

तेव्हापासून आमच्या घरी उन्हाळ्याचे काही नियम ठरले आहेत. ते आपल्याही उपयोगी पडावेत म्हणून देतो. तहान लागण्याची वाट पाहायची नाही. दर तासाला अर्धी वाटी, मग ते पाणी असो, ताक असो, पातळ वरणाचे पाणी असो किंवा पन्हे असो. मधुमेह असेल तर पन्ह्यातील गूळसाखर सांभाळायची. ज्यांचे हृदय किंवा मूत्रपिंड अधू आहे, त्यांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यायचे आणि लघवीच्या गोळीबद्दल उन्हाळा सुरू होतानाच विचारायचे. ती आपल्या मनाने बंद करायची नाही. कूलर लावलेल्या खोलीची समोरची खिडकी थोडी उघडी ठेवायची, नाहीतर खोलीत दमटपणा साचतो आणि गारवा येत नाही. अंथरुणावरचे रेक्झिन उन्हाळ्यात अंग भाजते आणि घाम साचवते. त्यावर जाड सुती चादर हवीच. दर दोन तासांनी कूस बदलायची आणि माकडहाड, टाचा, खांदे यांवर लाली दिसते का ते पाहायचे. बोटाने दाबून सोडल्यावरही लाली तशीच राहिली, तर ती शय्याव्रणाची पहिली सूचना असते.

आणि उष्माघाताबद्दल एवढे लक्षात असू द्या : अंग तापलेले आणि माणूस बरळू लागलेला किंवा गुंगीत गेलेला, ही तातडीची अवस्था आहे. तापाची गोळी तिथे काम करीत नाही. माणसाला सावलीत घ्यावे, कपडे सैल करावे, अंगावर पाणी शिंपडून पंखा लावावा, मान, काखा आणि जांघा यांवर गार पाण्याच्या घड्या ठेवाव्यात, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी मुळीच घालू नये; ते श्वासनलिकेत जाऊ शकते.

इथपर्यंतची गोष्ट मी लोकांना अभिमानाने सांगत असे. आमच्या ताई किती हुशार, असे म्हणत असे. पुढची गोष्ट मात्र मी बरेच दिवस कोणाला सांगितली नाही.

श्रावण सरत आला होता. पाऊस चांगला झाला होता, शेताच्या धुऱ्यांवर कमरेएवढे गवत माजले होते. ताईंच्या घरी तीन शेळ्या आहेत. पहाटे उठून त्या धुऱ्यावरचे गवत कापून आणतात, शेळ्यांना घालतात, स्वयंपाक उरकतात आणि मग आमच्याकडे येतात. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. एका सोमवारी त्या आल्या त्या डोळे लाल घेऊन. आईला उचलताना त्यांचे हात कापत होते. मी विचारले, बरे नाही का? त्या म्हणाल्या, "कणकण हाये थोडी, होईल कमी." मी एक तापाची गोळी दिली आणि आईपासून जरा दूर राहायला सांगितले. आपल्याला काळजी घेता आली, असे समाधानही मला वाटले. मंगळवारी त्या पुन्हा आल्या, पुन्हा गोळी घेतली, पूर्ण पाळी केली. बुधवारी आल्या नाहीत.

गुरुवारीही आल्या नाहीत. मी वहीत दोन फुल्या मारल्या आणि संस्थेला फोन केला. आवाज चढवून बोललो. न कळवता गैरहजर राहणे शिस्तीत बसते का, असे विचारले. पैसे पूर्ण महिन्याचे घेता, असेही म्हणालो. शुक्रवारी बदली सेविका आली. तिला आईची कूस बदलण्याची पद्धत माहीत नव्हती, याचीही मी तक्रार नोंदवली. शनिवारी पंधरवड्याचे पत्रक आले. कर्मचारीवृत्तात एक ओळ होती : आपल्या एक सेविका तापाने आजारी असून सेवाग्राम येथे दाखल आहेत, त्यांच्या रुग्णांच्या पाळ्यांत बदल केला आहे, सहकार्य करावे. एका ओळीत एक माणूस आणि तिच्या आजारामुळे होणाऱ्या गैरसोयीबद्दल माझी आगाऊ मागितलेली क्षमा.

मी रविवारी सेवाग्रामला गेलो. वॉर्डात ताईंच्या उशाशी त्यांची मुलगी बसली होती. बारावीत आहे, असे त्या एकदा म्हणाल्या होत्या. तिने सांगितले की सोमवारच्याही आधी तीन दिवस आईला ताप होता. डोके फुटेल इतके दुखत होते. तरी ती कामावर गेली, कारण गैरहजेरीचा रोज कापला जातो. बुधवारी श्वास लागला तेव्हा शेजाऱ्यांनी गाडी केली. इथे डॉक्टरांनी सर्वांगाची तपासणी केली तेव्हा गुडघ्याच्या मागे एक लहानशी काळी खपली सापडली. विडीचा चटका बसावा तशी. दुखत नव्हती, म्हणून तिच्याकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते. त्या खपलीवरून निदानाची दिशा मिळाली : स्क्रब टायफस.

या रोगाबद्दल खेड्यापाड्यांतील प्रत्येक घराला माहिती असायला हवी, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. गवतात आणि झुडपांत राहणाऱ्या अतिसूक्ष्म किड्यांच्या अळ्या चावल्याने हा ताप येतो. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत, गवत माजलेले असताना, त्याचे रुग्ण अधिक दिसतात. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भाच्या इतर भागांत त्याचे अनेक रुग्ण आढळले आणि काही दगावलेही. तेव्हा हे नाव आमच्याकडे पहिल्यांदा घरोघर पोहोचले आणि नंतर विसरले गेले. तीव्र ताप, डोकेदुखी, अंगदुखी ही लक्षणे डेंग्यूसारखी, मलेरियासारखी, कशासारखीही असतात. खपली सगळ्यांत दिसतेच असे नाही. दिसलीच तर ती काखेत, जांघेत, स्तनांखाली, गुडघ्यामागे, म्हणजे सहसा न दिसणाऱ्या जागी असते. हा रोग एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. योग्य प्रतिजैविक वेळेवर मिळाले तर ताप लवकर उतरतो. उशीर झाला तर फुप्फुसे, मूत्रपिंडे, मेंदू यांना धोका पोहोचतो. म्हणून पावसाळ्यातील ताप दोन-तीन दिवसांत उतरला नाही आणि आपण गवतात वावरत असू, तर तसे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. गवत कापताना पूर्ण बाह्यांचे कपडे आणि पाय झाकणारे जोडे घालावेत, घरी आल्यावर गरम पाण्याने साबण लावून अंघोळ करावी, कपडे लगेच धुवायला टाकावेत, गवतावर थेट बसू नये.

ताई बऱ्या झाल्या. तीन आठवड्यांनी कामावर आल्या, थोड्या वाळलेल्या, पण त्याच. मी त्यांना म्हणालो, "ताई, माझं चुकलं." त्या गडबडल्या. "तुमचं काय चुकलं गुरुजी? तुम्ही तर गोळी देली." हे ऐकून मला जे वाटले ते लिहिता येत नाही. माझ्या आईची काख कोरडी आहे हे ज्यांच्या हाताने ओळखले, त्यांचा हात तापाने कापताना मी एक गोळी देऊन मोकळा झालो होतो. आणि त्यांच्या हिशेबात ती गोळीही उपकाराच्या खात्यावर जमा होती.

त्या दिवसांत मी चरकसंहितेतील एक जुना विचार पुन्हा वाचला. सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात चरकाचार्यांनी चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. या चौघांचे प्रत्येकी चार गुण. परिचारकाचे गुण म्हणजे शुश्रूषेचे ज्ञान, दक्षता, ज्याची सेवा करायची त्याच्याविषयी प्रेम, आणि शुचिता. इतक्या प्राचीन काळी शुश्रूषा करणाऱ्याला वैद्याच्या पंक्तीला बसवले गेले, ही आपल्या परंपरेची मोठी गोष्ट आहे. पण या वेळी वाचताना मला एक उणीव जाणवली. चार पायांचे मिळून सोळा गुण होतात. त्या सोळांत घराचा एकही गुण नाही. रुग्णाचा मुलगा, सून, यजमान यांच्याकडून काय अपेक्षित आहे, ते तिथे सांगितलेले नाही. परिचारकाने प्रेम करावे. परिचारकाचे कोणी काय करावे? कदाचित त्या काळी हे सांगण्याची गरज वाटली नसेल. आज ती आहे.

आमच्या जिल्ह्याला या प्रश्नाचे एक उत्तर मिळालेले आहे, पण ते आपण आश्रम पाहायला येणाऱ्या पाहुण्यांना दाखवण्यापुरते ठेवले आहे. सेवाग्राम आश्रमात परचुरे शास्त्रींची कुटी आहे. संस्कृतचे हे पंडित कुष्ठरोगाने ग्रासलेले. १९३९ मध्ये ते गांधीजींकडे आश्रयाला आले. त्या काळी कुष्ठरोग्याला घरातले लोकही दूर ठेवत. गांधीजींनी त्यांच्यासाठी जवळच झोपडी उभारली आणि ते स्वतः त्यांच्या अंगाला मालीश करीत. त्याच्याही आधी, १९३६ मध्ये, मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठरोग्यांच्या सेवेचे काम सुरू केले होते. या कथा आपण सेवेचा महिमा म्हणून सांगतो. मला त्यांत आता दुसरेही काही दिसते. जे काम समाजाने हलके ठरवून दुसऱ्यांच्या हाती सोपवले होते, ते सर्वांत मान्य माणसाने आपल्या हाती घेतले. अंग पुसणे, मळ काढणे, जखम धुणे यांत कमीपणा नाही, हे त्यांनी हाताने सांगितले. आणि आपण? आपण तेच काम पैसे देऊन करवून घेतो आणि करणाऱ्याचा चहाचा कप वेगळा ठेवतो. आमच्याही घरी तो वेगळा होता. आता नाही.

वाचकहो, त्यानंतरच्या वर्षभरात मी ऋतूंकडे दोन माणसांच्या डोळ्यांनी पाहायला शिकलो. उन्हाळ्यात आईला खोलीत गारवा हवा. पण ताई भर उन्हात येणार असतील तर त्या गारव्याला काय अर्थ? आता एप्रिल ते जून त्यांची पाळी सकाळी सातला सुरू होऊन संध्याकाळी सातला संपते, आणि दुपारी त्यांनी बाहेर पडायचे नाही. पावसाळ्यात आईसाठी मच्छरदाणी आणि उकळलेले पाणी. ताईंसाठी पूर्ण बाह्यांचा सदरा आणि ओले होऊन आल्यास बदलायला कोरडे लुगडे. ओल्या फरशीवर घसरून आईचे हाड मोडले तर संकट, आणि ताईंचे मोडले तर दोन घरांवर संकट. म्हणून न्हाणीघरात खडबडीत पट्ट्या आणि भिंतीला दांडी, दोघींसाठी.

हिवाळ्यात आमच्याकडे रात्रीचा पारा कधी दहा अंशांच्या आसपास उतरतो. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, म्हणून या दिवसांत रक्तदाबाची मोजणी चुकवायची नाही. ज्या बाजूला अर्धांगवायू झाला आहे, तिथे संवेदना कमी असते. गरम पाण्याची पिशवी त्या बाजूला ठेवली तर भाजलेलेही कळत नाही, हे विसरायचे नाही. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपायचे नाही. कोळशाचा विषारी वायू वास न येता जीव घेतो.

आणि खोकला. फ्ल्यूची साथ आपल्या देशात वर्षातून साधारण दोनदा वाढते, हिवाळ्याच्या शेवटी आणि पावसाळ्यात. वृद्धांना त्यातून न्यूमोनिया होण्याची भीती असते आणि वृद्धांत ताप न येताही न्यूमोनिया असू शकतो. केवळ सुस्ती, जेवण नकोसे होणे किंवा गोंधळ एवढ्यावरूनच तो ओळखावा लागतो. फ्ल्यूची लस दर वर्षी घ्यावी लागते आणि तिचे संरक्षण सुरू व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने आईला ती दिली, तेव्हा मी विचारले की सेविकेलाही द्यावी का. डॉक्टर म्हणाले, द्याच. आणि तुम्ही दोघेही घ्या. अंथरुणावरच्या माणसाकडे विषाणू चालत जात नाही, तो आपल्यापैकी कोणीतरी नेतो. म्हणून चौघांनी लस घेतली. ताईंच्या लसीचे पैसे आम्ही दिले. हा खर्च मी कोणत्या खात्यात लिहावा, असा प्रश्न वही उघडल्यावर मला पडला. मग आईच्या औषधांखाली लिहिला. तोच त्याचा योग्य रकाना आहे.

सर्वांत अवघड नियम पैशांचा होता. खोकला असलेली सेविका कामावर येते, कारण तिचा रोज बुडतो. तिला घरी राहा म्हणणे आणि रोज कापणे, हे एका तोंडाने दोन गोष्टी बोलणे आहे. आम्ही संस्थेशी बोललो. महिन्यातून दोन दिवस आजारपणाची भरपगारी रजा, त्यातला निम्मा भार आमचा, निम्मा त्यांचा, असे ठरले. हे सहज झाले नाही. संस्थेलाही आपले हिशेब असतात आणि माझे निवृत्तिवेतनही मोजकेच आहे. पण एका न्यूमोनियाचा रुग्णालयाचा खर्च आणि वर्षभरातील चोवीस दिवसांचा निम्मा रोज यांची बेरीज करून पाहिली, तेव्हा गणिताच्या शिक्षकाला उत्तर शोधायला वेळ लागला नाही.

ज्यांच्याकडे सेविका नाही, जिथे मुलगी, सून किंवा वृद्ध पतीपत्नीपैकी एकजण सारे करीत आहे, त्यांनी हा लेख आपल्यासाठी नाही असे समजू नये. उलट तिथे तर हजेरीची वहीही नसते. रजा मागायला कोणी नसते, आजारपण सांगायला उसंत नसते. घरात कोण शुश्रूषा करते ते पाहा आणि तिला तीन प्रश्न विचारा : काल रात्री सलग किती वेळ झोप झाली? स्वतःची औषधे वेळेवर घेतली का? शेवटचे कधी घराबाहेर पडलीस? उत्तरे ऐकून घ्या आणि मग आठवड्यातला एक अर्धा दिवस आपल्या अंगावर घ्या. सल्ला देऊ नका, भांडे उचला.

आमच्या घरी आता दर रविवारी सकाळी रक्तदाब मोजला जातो. आधी आईचा. मग ताई यंत्र आवरू लागल्या की आई उजवा हात उचलून त्यांना थांबवते. "तुहाबी लाव वं," ती म्हणते. ताई पहिल्यांदा लाजून नको म्हणाल्या होत्या. आता स्वतःच बाही वर करतात. मी दोघींचे आकडे एकाच वहीत, एकाखाली एक लिहितो. तीच ती हजेरीची वही. गेल्या महिन्यात ताईंचा आकडा थोडा वर आला होता, म्हणून त्यांना डॉक्टरांकडे पाठवले आहे; मीठ कमी करायला सांगितले आहे. त्या लोणचे सोडतील असे वाटत नाही. आईने मात्र आपल्या ताटातले लोणचे सोडून त्यांच्यासमोर उदाहरण घालून द्यायला सुरुवात केली आहे.

परवा पंधरवड्याचे पत्रक आले. आता मी ते आधी कर्मचारीवृत्तापासून वाचतो.